अण्णा, मी आणि रतनवाडीचा अमृतेश्वर

अण्णांचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडला भाजी घेत होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम मुद्द्यावर. "मेघना, अमृतेश्वराच्या गाभाऱ्यातलं पाणी अजून उतरलं नसेल. पिंड पाण्याखाली बघायची असेल तर हेच दिवस."

"या शनिवारी निघू," मी म्हणाले आणि भाजीवाल्यासमोरच मनात ठरवलं, की या सहलीत त्यांना सांगून टाकायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. म्हणजे होते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाशी माझा घटस्फोट झाला. तो बंगळूरला गेला, तिथे त्याचा नवा संसार आहे. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, आणि माझ्या माहेरी तर आता कुणीच उरलं नव्हतं. अण्णा दिंडोरीतच राहिले, आणि त्यांचं-माझं नातं मोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दर वर्षी एक जुनं देऊळ किंवा किल्ला निवडतो आणि मी गाडी काढते. या वर्षी पाळी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची होती.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिकहून मुंबईच्या महामार्गाने घोटी, तिथे महामार्ग सोडून भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. घोटीलाच पेट्रोल भरा आणि रोख पैसे काढून ठेवा, पुढे भरवसा नाही. घोटीनंतर भातखाचरं सुरू झाली. लोंब्या भरून वाकल्या होत्या आणि बांधांवर सोनकीची पिवळी फुलं. बारी गाव आलं तशी कळसूबाई समोर उभी राहिली आणि अण्णांनी गाडी थांबवायला लावली. उतरून टोपी काढली, हात जोडले. मागून येणारा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी यांचं शांतपणे चाललेलं.

शेंडी गावातून धरणाच्या कडेकडेने मुतखेलमार्गे रतनवाडी. वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचं थोडंसं शुल्क भरावं लागतं, पिशवीतल्या प्लॅस्टिकची चौकशी होते. रस्ता अरुंद, काही ठिकाणी पावसानं खाल्लेला. पण उजव्या-डाव्या हाताला कधी पाणी, कधी गर्द झाडी, आणि एका वळणावर फांदीवरून पळणारं शेकरू! तांबूस शेपटी एवढी लांब, की मी आधी माकडच समजले.

"हे धरण इंग्रजांच्या काळातलं," अण्णा सांगत होते. "खाली प्रवरेकाठची शेतं होती. आपण पाण्याचा फोटो काढतो. पाण्याखाली कुणाचं तरी भात पिकत होतं, हेही ध्यानात ठेवावं."

रतनवाडीत आम्ही हिराबाईंकडे उतरलो. घराला लागून दोन खोल्या, शेणानं सारवलेली पडवी, समोर रतनगड. माणशी हजार रुपयांत राहणं, जेवण, नाश्ता. आधी फोन करून जा, पण गावात रेंज येते-जाते, तेव्हा शेंडीतूनच कळवा. हिराबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. चहाचा कप देता देताच त्यांनी विचारलं, "लेक का तुमची?"

अण्णा चहाकडे बघत म्हणाले, "सून होती. आता कोण, ते अजून ठरलं नाही."

हिराबाई हसल्या. मी हसले नाही. मला सांगायचं होतं ते त्या एका वाक्यानं आणखी जड झालं.

ऊन कलल्यावर देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं, हजारएक वर्षांपूर्वीचं हे देऊळ. काळ्या दगडावर इंचभर जागा कोरीव कामाशिवाय सोडलेली नाही. गाभाऱ्यात खरंच पाणी होतं. स्वच्छ, गार, आणि तळाशी पिंड. कुणीतरी वाहिलेलं एक बेलपान वर तरंगत होतं. अण्णा उंबऱ्याशी बसून पाण्यात बघत राहिले. शाळेच्या सहली घेऊन ते इथं कितीदा आले असतील, पण चेहरा पहिल्यांदा बघणाऱ्यासारखा.

मग मला खांबांपाशी नेलं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर छताचा भार पेलत बसलेले बुटके यक्ष आहेत. "राजाचं नाव लोक विसरतात," ते म्हणाले. "पण हा कोरणारा बघ. एवढं ओझं डोक्यावर, आणि याच्या ओठांवर हसू ठेवायला तो विसरला नाही. मला इतिहासात राजापेक्षा हा कोरणाराच जास्त आवडतो."

देवळाजवळच चौकोनी पुष्करणी आहे, भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. पायऱ्या शेवाळलेल्या, जपून उतरा.

रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं आणि इथल्याच तांदळाचा भात. मी सांगणार होते, पण अण्णांना भात इतका आवडला होता, की म्हटलं, जेवू देत.

सकाळी रतनगड चढायचा होता. अण्णांना शिड्यांपर्यंत नाही, पण जंगलातल्या पहिल्या ओढ्यापर्यंत यायचं होतं. हिराबाईंची सून सुमन वाट दाखवायला येणार होती. ती पाण्याच्या बाटल्या भरत असताना मी एका दमात सांगितलं.

"अण्णा, मी लग्न करतेय. श्रीकांत नाव आहे. आमच्याच कॉलेजात शिकवतो. पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीनं करू म्हणतोय."

त्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता सोडून दिली. "बरं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गुडघा आज जरा धरलाय. तू जा सुमनबरोबर. मी इथंच बसतो."

आदल्या दिवशी पुष्करणीच्या पायऱ्या ते माझ्या पुढं उतरले होते.

रतनगडाची वाट सुंदर आहे, हे मी फोटो बघून सांगू शकते. ओढे ओलांडले, कारवीच्या झुडपांतून गेलो, उंच झाडांखालची गार सावली, सगळं झालं, पण माझं लक्ष मागं. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आल्या तेव्हा कुठं भानावर आले. शिड्या उभ्या आहेत आणि हलतात. दोन्ही हात मोकळे ठेवा, मोबाइल खिशात घाला, आणि गर्दीच्या सुट्टीत जाऊ नका.

वर रत्नाईच्या गुहेत टेकलो तेव्हा सुमन म्हणाली, "ताई, सासरे लय जीव लावत्यात तुम्हाला."

मग मी तिला सगळंच सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं.

ती जरा विचार करून म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. दुसऱ्याकडनं कळलं असतं तर लय लागलं असतं त्यांना. आता त्यांचं त्यांना बसू द्या घडीभर."

गडाच्या माथ्यावर नेढं आहे. कड्याला आरपार पडलेलं भलंमोठं भोक. त्यातून वारा असा येतो, की उभं राहवत नाही. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग हे गड, त्यापलीकडे कळसूबाई. दुसऱ्या अंगाला सरळ कोकण. समुद्रावरून घाट चढून येणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवायला हा गड बांधला, असं अण्णांनी गाडीत सांगितलं होतं. हे सगळं दाखवायला ते शेजारी नव्हते. गडावर येऊन परत खाली जायची घाई मला आयुष्यात पहिल्यांदाच झाली होती, आणि खाली जायची भीतीही वाटत होती.

उतरून अंगणात आले तर अण्णा पडवीत मांडी घालून लसूण सोलत होते. हिराबाई चुलीपासून ओरडल्या, "ताई, लगीन हाय म्हनं तुमचं! मास्तर सकाळधरनं तेच सांगत्यात. आल्यागेल्याला सांगत्यात!"

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी लसणावरची नजर काढली नाही. कान मात्र लाल झाले होते.

जेवणानंतर आम्ही दोघंच देवळापाशी बसलो.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"गुडघ्याला काय झालंय!" ते म्हणाले. "तुझ्यासमोर डोळ्यांत पाणी आलं असतं, म्हणून म्हटलं तसं. वाटलं, आता दिवाळीला हिच्याकडे जायचं ते कुठल्या नात्यानं? तो पोरगा विचारेल, हे कोण?"

"अण्णा..."

"थांब, बोलू दे. तू गेल्यावर हिराबाईंनी विचारलं, मास्तर, तोंड का उतरलं? मी म्हटलं, आमच्या मेघनाचं लग्न आहे. आणि गंमत बघ, तोंडातून शब्द बाहेर पडले तसा मला आनंदच झाला! मग शेजारच्या म्हाताऱ्याला सांगून बघितलं. पुन्हा झाला." ते आता हसत होते आणि डोळेही पुसत होते. "काय शिकवतो म्हणालीस?"

"भूगोल."

"भूगोल?" त्यांनी क्षणभर विचार केला. "चालेल. इतिहासाला भूगोल लागतोच." मग आवाज खाली आणून, "वडील आहेत त्याला?"

"नाहीत. लहानपणीच गेले."

"अरेरे," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "बरं, बरं."

परतीच्या वाटेवर अण्णा घोटीपर्यंत गाढ झोपले होते. मी एकटीच गाडी चालवत होते, मन मात्र सकाळपेक्षा कितीतरी हलकं होतं. रतनवाडीहून काय आणलं, असं कुणी विचारलं तर सांगायला फारसं काही नाही. फोटो निम्मे हललेत. पण तो काळा दगड, गाभाऱ्यातलं गार पाणी आणि आपल्या माणसानं आपल्यासाठी केलेली ती अर्ध्या दिवसाची धडपड माझ्याजवळ राहिली आहे. तुम्ही गेलात तर एक दिवस जास्त ठेवून जा. बोलायला वेळ लागतो.

गेल्या रविवारी श्रीकांतला घेऊन दिंडोरीला गेले. अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे होते. सह्याद्रीचा दगड काळा का, यावर दोघांचं इतकं रंगलं, की पोहे गार झाले. निघताना अण्णांनी मला देवघरापाशी पाटावर बसवलं. हातात ताट होतं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू.

घटस्फोटानंतर माझी ओटी कुणी भरली नव्हती. हळदीकुंकवाला गेले की बायका नुसतं गोड हसून पुढच्या बाईकडे वळायच्या.

"हे बायकांचं काम," अण्णा म्हणाले. "पण घरात बाई नाही. शेजारच्या काकूंना विचारून घेतलंय काय काय लागतं ते. आधी कुंकू ना?"

"आधी हळद, अण्णा."

त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. ओंजळीतले निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले, निम्मे पदरात पडले. मग नारळ ठेवला.

"नीट धर," ते म्हणाले. "माहेरचा आहे."