धम्मशीलेनं नापास केलेली पुस्तकं

सेलूला माझं पुस्तकाचं दुकान हाय. मन्मथअप्पाचं दुकान म्हणलं की तालुक्यातलं कोणतंबी पोरगं गाईड घ्यायला तिथंच येतंय. पर वालूरच्या धम्मशीलेनं मला जेवढं बेजार केलं, तेवढं कुण्याच गिऱ्हाइकानं केलं न्हाई.

धम्मशीला म्हंजी सूर्यभान गुरुजींची लेक, बी.एस्सी. झालेली. वालूरच्या विहारातल्या अभ्यासिकेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दान दिले होते, अन् ते सगळे बंद पडलेले. विहाराचे अध्यक्ष तात्याराव म्हणले, "जयंतीपर्यंत चालू झाले तर ठीक. न्हाईतर भंगारात घालू अन् खोलीत मंडपाचं सामान ठेवू." ही म्हणली, "मी त्याच्यावर लिनक्स टाकते, ती फुकटची सिस्टिम जुन्या मशीनवरबी चालती, अन् सांभाळतेबी." टाकणं तिला येत होतं. सांभाळणं शिकायला पुस्तक पायजे, म्हणून बसली माझ्या उरावर येऊन!

"मोबाइलवर व्हिडिओ हायत की," मी म्हणलो.

"अप्पा, व्हिडिओवाला टाइप करतो अन् त्याचं चालतं. माझं न्हाई चाललं तर तो सांगायला येतो का?"

म्या परभणीहून पुस्तक मागवलं. कोरं करकरीत, नवी आवृत्ती, सोडवलेल्या प्रश्नांसकट. तिनं काउंटरवर उभ्या उभ्या चाळलं अन् म्हणली, "नापास."

"अगं, वाच तरी!"

"काय टाइप करायचं तेवढंच सांगतंय. का करायचं, ते न्हाई. बिघडलं तर काय, ते तर न्हाईच न्हाई."

दुसरं मागवलं, तेबी नापास. मग माझं डोकं सटकलं. "पुस्तक घ्यायलीस का नवरा बघायलीस?"

खदाखदा हसली. "नवऱ्याला एवढं तपासणार न्हाई, अप्पा!" हसता हसता तिची नजर गेली कोपऱ्यातल्या रद्दीवर.

आता आमच्या गाईडच्या धंद्यात मागच्या सालची आवृत्ती म्हंजी रद्दीच. अभ्यासक्रम बदलला की पुस्तक मेलं. येलदरीहून बदली झालेल्या एका इंजिनिअर साहेबानं जाताना दिलेला गठ्ठा म्या त्याच हिशोबानं न बघता तिथं फेकला होता. तिनं त्यातून एक बिनकव्हराचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उपसलं अन् पायरीवर बसली वाचत. चहा दिला, तो गार झाला.

"अप्पा, हेच!"

"अगं, लय जुनं हाय ते!"

"काही कमांड बदलल्या असतील. त्या मशीनमधल्याच मदतीच्या पानांवर बघते. पर मशीन सुरू होताना आत काय काय होतं, अडलं तर कुठून बघत यायचं, ते ह्यानंच सांगितलं." अन् पुस्तक छातीशी धरून गेलीसुद्धा! मी येडा झालो. माझ्याच दुकानात माल, अन् मलाच त्याचा पत्ता न्हाई.

जयंतीला मी मुद्दाम वालूरला गेलो. सगळे कॉम्प्युटर चालू! पोरं बसलेली, सूर्यभान गुरुजी ज्याला त्याला धरून दाखवायलेत. तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तेव्हा बाकीचे आपोआप सुरू झाले, पर दाराजवळचा एक काळाठिक्कर, नुसती पांढरी अक्षरं.

"झालं!" तात्याराव सगळ्यांसमोर कडाडले. "रोज लाइट जाणार अन् रोज हे असं मरणार. उद्याच भंगारवाल्याला बोलवा!" गुरुजींचं तोंड उतरलं.

धम्मशीला खुर्ची ओढून बसली. घाई न्हाई, गडबड न्हाई. सगळी अक्षरं शेवटपर्यंत वाचली. "मेला न्हाई, तात्या. मधीच लाइट गेल्यानं डिस्कमधी गडबड झाली. तपासून घ्या म्हणून तोच सांगायलाय." तिनं एक ओळ टाइप केली. भराभरा अक्षरं पळाली, मशीन एकदा बंद होऊन परत सुरू झालं, अन् पडदा लख्ख उजळला. पोरांनी असा गलका केला म्हणता! अन् सगळ्यात मोठ्यानं कोण वरडलं असंल तर मी.

तात्याराव मागं वळून पोरांवरच खेकसले, "बघत काय उभं राहिलात? दाराशी आणलेलं ते मंडपाचं सामान माझ्या घरी नेऊन टाका!" अन् खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी धम्मशीलेच्या हातावर ठेवली.