ज्याचं त्याचं रक्त

आमच्या लॅबचे किस्से साठत जातात, कारण प्रॅक्टिकलला रक्त बाहेरून येत नाही. परभणीला बायोमेडिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा हे कोणी सांगितलंच नव्हतं! ज्याचं त्याचं रक्त, ज्याचा त्याचा रिपोर्ट. सुईला आम्ही महिनाभर घाबरलो. रिपोर्टला अजून घाबरतो.

*

पहिल्याच वर्षी माझं हिमोग्लोबिन पाच आलं. परत केलं, परत पाच. बारा तरी हवं असतं. सरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तीन जिने चढून आलीस ना? मग आधी नळी धरायला शीक."

मी रक्ताबरोबर निम्मी हवाच ओढली होती. तरी त्या दिवशी जिना कठडा धरूनच उतरले.

*

चुडाव्याहून रोज रेल्वेनं येणारा गणेश तर चार दिवस घरी कोणाशी बोलला नाही. त्याचा रक्तगट बी निघाला, आणि घरच्या कागदांवर आई-वडील दोघंही ओ. असं होत नसतं, हे आम्ही आदल्याच आठवड्यात शिकलो होतो.

शेवटी त्यानं धीर करून विचारलं. वडिलांचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. फॉर्मवर कोणीतरी अंदाजानं ओ लिहून दिला होता. वडील रागावले नाहीत.

"आधी आरशात बघायचं की बाबा. नाक कुणाचं हाय?"

*

सविता सोनपेठकडची, मेंढरं राखणाऱ्या घरची. आमच्यात सगळ्यात धडधाकट. त्या दिवशी मेंढरांपासून माणसाला लागणाऱ्या एका तापाची टेस्ट होती. या रोगानं गाभण मेंढ्या गाभडतात, बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो, हे सरांनी आधीच समजावलं. कार्डावर सीरमचा थेंब, त्यात गुलाबी औषधाचा थेंब. गुठळ्या झाल्या तर रोग. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. सविताच पुढं झाली.

तिच्याच थेंबात गुठळ्या झाल्या.

ड्रॉपरची अदलाबदल झाली असेल, सर म्हणाले. नवीन घेतला. पुन्हा गुठळ्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि कार्ड पालथं घातलं. यावर औषध असतं, घाबरू नको, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरी मेंढ्यांचं कोण बघतं?

सविता त्या पालथ्या कार्डाकडं बघत होती.

"व्यायला लागल्या की वहिनीच हात घालती, सर. तिला सातवा लागलाय."