‘नाही’ नसलेली वही

रोज संध्याकाळी साडेपाचला, घरी निघायच्या आधी, माझी मावशी बालगृहाच्या स्वयंपाकघरातल्या पालथ्या पिंपावर बसायची, पदराने चष्मा पुसायची आणि एक वही उघडायची. बालगृहात तेव्हा एकोणीस मुली होत्या. कुणी घरातून पळालेली, कुणाला घरच्यांनीच सोडलेलं, कुणाला पोलिसांनी आणून ठेवलेलं. प्रत्येकीच्या नावापुढे ती त्या दिवसाची एक ओळ लिहायची. मुलीला काय येतं, आज तिने काय चांगलं केलं, तेवढंच. आणि ओळीत ‘नाही’ हा शब्द येता कामा नये.

“यांच्या फायली त्या शब्दानेच फुगल्यात,” ती म्हणायची. “ऐकत नाही, शिकत नाही, टिकत नाही. जे नाही त्यावर कुणी घर बांधतं का? जे आहे तिथून सुरुवात करायची.”

मग ओळी असायच्या त्या अशा: ‘भांडण पेटायच्या आधी हिला वास येतो.’ ‘लहानीची वेणी हलक्या हाताने घालते.’ एका सराईत थापाडीपुढे लिहिलं होतं, ‘मारलेली प्रत्येक थाप महिनाभर तपशिलासकट लक्षात ठेवते.’ तिला मावशीने जेवणानंतर धाकट्यांना गोष्टी सांगायचं काम दिलं. थापा थांबल्या असं नव्हे, पण त्यांना श्रोते मिळाले.

मावशी तिथे काळजीवाहक होती. अधीक्षकबाई सगळ्यांच्या वर. पण दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, आणि बावीस वर्षं कोठीच्या पायरीवर बसून एकमेकींच्या डब्यातलं खात आलेल्या. घरात काहीही अडलं की मावशीचं ठरलेलं वाक्य असे, “थांब, बाईंना विचारते.”

मग खिट्टी आली. पंधरा वर्षांची, काडीसारखी. तिचा काका तिच्याकडून लोकांच्या घरांची कुलपं उघडून घ्यायचा. पोलीस आले तेव्हा काका पसार झाला आणि दारात ही सापडली. खिट्टी हे नाव मुलींनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं. महिनाभर ती कुणाशी बोलली नाही.

एका दुपारी औषधांच्या कपाटाची किल्ली सापडेना, आणि एका मुलीला दम्याची उबळ आलेली. मावशी खिट्टीकडे वळली. “बघतेस?”

“मी? मला सांगताय?”

“दुसऱ्या कुणाला येतं इथे? मला तर माझ्या पिशवीची चेन लागत नाही.”

खिट्टीने केसांतली पिन काढली, दोन मिनिटांत कपाट उघडलं. त्या संध्याकाळी वहीत ओळ आली: ‘कोणतंही कुलूप पिनेने दोन मिनिटांत उघडते. हात स्थिर.’

खिट्टीने ती खांद्यावरून वाचली. “हे चांगल्यात लिहिलंत? यासाठी मार खाल्लाय मी.”

“मारणाऱ्याला येत नसेल.”

बाजारामागच्या बोळात एक म्हातारा कुलूपवाला होता. मावशी तिला तिथे घेऊन गेली. त्याने एक गंजलेलं कुलूप पुढे सरकवलं, तिचे हात पाहिले आणि म्हणाला, “आठवड्यातून तीन दुपारी पाठवा. फक्त माझ्या दुकानाचं कुलूप तिला दाखवू नका. अब्रू जाईल माझी.” खिट्टी पहिल्यांदा हसली. आता मुलींचे निर्णय घेणाऱ्या समितीची परवानगी मिळाली की झालं.

समिती बसायच्या आठ दिवस आधी कोठीतून चाळीस नवी ब्लँकेटं गेली. कुलूप शाबूत. किल्ली फक्त अधीक्षकबाईंकडे असायची, पण सगळ्यांनी पाहिलं ते खिट्टीकडे.

“चाळीस ब्लँकेटं काय केसांत खोवून नेली तिने?” मावशीने विचारलं. कुणी हसलं नाही. तेव्हा कोठीचं कुलूप तिने कुलूपवाल्याकडे नेलं. त्याने ते खोलून भिंगाखाली धरलं. “पिन घातली की आत ओरखडे उठतात. इथे एक नाही. हे किल्लीनेच उघडलंय.” तसं त्याने कागदावर लिहून खाली सही केली.

मावशीने तो कागद नेऊन अधीक्षकबाईंच्या हातात दिला. तो कुणाकडे बोट दाखवतो, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. बावीस वर्षं एका डब्यात जेवल्यावर असलं काही डोक्यात येत नसावं.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “आणि तुझी ती वहीही दे. पोरीबद्दल चार चांगल्या ओळी वाचून दाखवते.” मावशीने वहीला नवं कव्हर घातलं.

समितीत तिघं होते. लांब टेबल, दाराजवळ मावशीसाठी एक स्टूल. बाईंनी चार ओळी वाचल्या नाहीत. एकच वाचली.

“हे तुम्ही लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो. पण ते कौतुक आहे, साहेब.”

“असू द्या. कुलूप उघडते, हे खरं ना?”

“खरं आहे. पण कुलूपवाल्याचा कागद आहे ना. बाई, तो दाखवा की.”

अधीक्षकबाई फायलीची नाडी बांधत होत्या. “कुठला कागद?”

आवाज अगदी रोजचा होता. आज मीठ जास्त झालंय का, असं विचारतानाचा.

मावशीला आधी वाटलं, बाई खरंच विसरल्या. ती आठवण करून द्यायला लागली, “निळ्या शाईचा, मी नाही का गुरुवारी तुमच्या…” आणि मग तिला दिसलं की बाई तिच्याकडे बघत नाहीत. केसाने गळा कापणं हे तिने आयुष्यभर नुसतं ऐकलं होतं. कुलूपवाल्याला बोलावते म्हणाली, तर अध्यक्ष म्हणाले, “तिला कामावर ठेवणारा तोच ना? मग त्याचं काय धरायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या बंदिस्त सुधारगृहाची गाडी आली. खिट्टी फाटकाशी थांबली.

“तुम्हीच लिहिलं होतं ना?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मावशी “हो” एवढंच म्हणाली.

खिट्टीने केसांतली पिन काढून तिच्या तळहातावर ठेवली. “ही ठेवा. पुन्हा कुणी चांगलं म्हणायला नको.”

“सुटलीस की माझ्या घरी ये. कधीही ये.”

“आणि कुलूप असलं तर?”

“नसेल.”

खिट्टी गाडीत बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मावशी स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवायची. महिन्याभराने अधीक्षकबाई डबा घेऊन तिथे आल्या. “किती दिवस धरून बसशील? माझ्याच भाच्याने किल्ली नेली होती. माझी नोकरी गेली असती गं. त्या पोरीचं काय, तिला सवय आहे असल्या जागांची.”

मावशीने आपल्या डब्याचं झाकण लावलं आणि भांडी घासायला घेतली.

वही तिने पुन्हा उघडली नाही. साडेपाचला पिंपावर बसायची, चष्मा पुसायची, आणि एकेकीला जवळ बोलावून जिची ओळ तिच्याच कानात सांगायची. कागदावर काही उरू द्यायचं नाही, हे ती बाईंकडून शिकली.

निवृत्तीनंतर ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहिली. बाहेर जाताना दार नुसतं लोटायची. शेजारीण ओरडायची, “चोर शिरेल एखादा!” “शिरू दे,” मावशी म्हणायची, “एखादी ओळखीची निघेल.” सहा वर्षं गेली. सुधारगृहाला पाठवलेली तिची पत्रं परत आली नाहीत आणि त्यांना उत्तरंही आली नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिची औषधं आणायला खाली निघाले. परत आले तेव्हा ती गेलेली होती. निघताना माझ्या हातात कुलूप दिसलं म्हणून ती उशीवरूनच म्हणाली, “ते राहू दे गं. दार नुसतं ओढून घे.”