सासूबाईंच्या पासावर पुणं

माझ्या सासूबाई बऱ्हाणपूर स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण अजूनही घरातल्या माणसांशी त्या काचेपलीकडून बोलावं तशाच बोलतात. आधी नाव सांग, गाव सांग, मग तुझं रडगाणं.

त्या सकाळी मी खरोखरच रडत होते. दिवाळी नुकतीच उरकली होती आणि पुण्याहून भावाचा फोन आला होता. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, ते डॉक्टरांनी उद्या दुपारीच करायचं ठरवलं होतं. "बाबा फार घाबरलेत गं," भाऊ म्हणाला. "कुणाशी बोलत नाहीत. आत नेण्याआधी तू दिसायला हवीस."

नवरा मोबाईल घेऊन बसला. बऱ्हाणपूरहून पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला वेटिंग, तत्काळ संपलेलं, ट्रॅव्हल्सच्या बसही भरलेल्या. मला रडताना राग येतो, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले.

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या पासवर चाल."

निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मिळणारा फुकट प्रवासाचा तो पास कपाटात पडून होता. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. बऱ्हाणपुरातल्या लालबाग भागातल्या आमच्या घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर, पण जिना चढावा लागतो म्हणून त्यांनी गाडीत पाऊल टाकणं सोडलं होतं. शिवाय बाबांशी त्यांचं फाटलेलं. आमच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला पुरणपोळी गार वाढली गेली, तेव्हापासून त्या बाबांशी फोनवरसुद्धा बोललेल्या नव्हत्या.

"आई, पास मला द्या. मी एकटी जाते," मी म्हटलं.

"तसा नाही चालत तो. म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीले एक जण जाऊ शकते. पण म्हातारी गाडीत पाहिजे ना! मी नसली त तुले कोन बसू देईन?"

त्यांच्या गुडघ्यांसाठी तेवढ्या अंतरालाही रिक्षा करून स्टेशनवर गेलो. आरक्षणाच्या खिडकीशी नवरा पुन्हा बऱ्हाणपूरहूनच्याच गाड्या विचारायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं. "आपल्या गावचे लोक घराच्या दारातूनच गाडीत बसाले पाहतात, मंग वेटिंगमधी लटकतात," त्या म्हणाल्या आणि काचेला तोंड लावून आतल्या बाईंना विचारलं, "बेटा, खंडव्यावरून देखो तो जरा."

खंडव्याहून दोन जागा होत्या. गाडी बऱ्हाणपूरला थांबणारी नव्हती, म्हणून मला किंवा नवऱ्याला तिचं नावही सुचलं नव्हतं. पुणं एका दिशेला आणि आम्ही दोघी निघालो दुसऱ्या दिशेला, दुपारच्या गाडीने खंडव्याला. मला ते मुळीच पटत नव्हतं. मिळालेली वेळ हातची घालवतोय असं वाटत होतं.

खंडव्याला पूल ओलांडायचा होता. सासूबाईंनी कठडा धरला. आधी चांगला पाय वर, मग त्याच पायरीवर दुखरा. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू बॅग धर." अर्ध्या जिन्यावर त्या थांबल्या. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मला बघवेना.

"आई, राहू द्या. परत जाऊ आपण."

"परत जायचं रिझर्वेशन कुठं केलं आपण?" त्या म्हणाल्या आणि पुढची पायरी चढल्या.

त्या क्षणी मला ही बाई इतकी आवडली, की तिथेच मिठी मारावीशी वाटली. मारली असती तर दोघी गडगडलो असतो.

संध्याकाळी गाडी बऱ्हाणपूरवरून न थांबता गेली. आपलंच स्टेशन खिडकीतून भर्रकन मागे पडलं. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला आणि गुडघ्यांना तेल चोळत बसल्या. ऑपरेशनबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र माहेरचं काय काय बोलत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या.

सकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबा हिरवे कपडे घालून भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली. त्यांनी माझा हात धरला, पण बोलले नाहीत. हात थंडगार होता. मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. दाराच्या चौकटीला धरून सासूबाई उभ्या होत्या.

बाबा धडपडून उठायला लागले. "विहीणबाई, तुम्ही? एवढ्या लांब?"

"झोपा, झोपा," सासूबाई लंगडत पलंगाशी आल्या. "मी काही तुमच्यासाठी नाही आली. पोरीले सोडाले आली. आन तुमच्याकडं माही एक गरम पुरणपोळी बाकी आहे, ते सांगाले आली. ती खाल्ल्याबिगर मी तुमाले सोडत नाही."

बाबा पुन्हा उशीवर टेकले. मग हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. न्यायला माणसं आली तेव्हाही हसतच होते. आत जाता जाता माझ्या भावाला म्हणाले, "घरी सांग, पुरण शिजवायला डाळ आणून ठेवा."