आठवा स्टड

सकाळी सहाला मी नंदगडात एका पत्र्याच्या शेडमध्ये बॉनेट उघडून उभा होतो. गाडी अजून सुरू केली नव्हती. इंजिन रात्रभर गार पडलेलं हवं होतं, म्हणून तर बेळगावहून इतक्या लवकर आलो होतो.

गाडी सुजाता मॅडमची. त्या बेळगावात कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. रोज नंदगडहून स्वतः चालवत यायच्या. गेल्या तीन महिन्यांत दोनदा माझ्या गॅरेजला येऊन त्यांनी सांगितलं होतं, सकाळी गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते. दोन्ही वेळा मी सुरू करून बघितली. आवाज नाही. दुसऱ्या वेळी मी हसून म्हणालो, कान दाखवून घ्या. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांच्या सासऱ्यांचा, आप्पांचा फोन आला. "मिस्त्री, तुमच्या दारात गाडी गरीब हुतीया, हितं वरडतीया. एकदा बघून जावा, न्हायतर इकून टाकतो."

इथं आल्यावर बाकीचं कळलं. मॅडमना गाडीत चक्कर येत होती. डॉक्टरनं रक्त तपासलं, काही सापडलं नाही, गोळ्या तेवढ्या दिल्या. आप्पांनी चावी काढून घेतली होती. बसनं कॉलेजची वेळ गाठणं जमेना, आणि घरात नोकरी सोडायचं बोलणं सुरू झालं होतं.

गाडी ढकलून उघड्यावर घेतली. स्टार्टर मारला. फट-फट-फट. आवाज खरा होता.

एक्झॉस्ट, म्हणजे धुराची वाट, कुठून फुटलाय हे नुसत्या कानानं कळत नाही, सगळ्या गाडीतून आवाज येतोय असं वाटतं. त्याला एक युक्ती आहे. हातमोजा घालून ओलं फडकं मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर धरायचं. धुराची वाट अडली की तो फटीतून जोरात बाहेर येतो. ते काम आप्पांना दिलं. त्यांनी तोंड फिरवून, नाक मुरडत केलं. मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं गाडीवरून फिरवत गेलो. सायलेन्सर ठीक. मधला जोड ठीक. पुढं मॅनिफोल्डजवळ नळी नेली आणि कानात फुसफुस झाली. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर पहिल्यांदा जिथं गोळा होतो ती बिडाची नळी.

मॅडम शेजारी येऊन वाकून बघत होत्या. "मग गॅरेजमध्ये का वाजत नव्हती?"

"लोखंड तापलं की फुगतं. बेळगाव येईपर्यंत फट बुजत होती."

"प्रसरण," त्या म्हणाल्या आणि आप्पांकडं बघितलं.

इंजिन बंद करून मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला. मॅनिफोल्ड आठ स्टडवर बसतो. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. आठव्याच्या जागी काजळीचा काळा ओघळ होता. नट नव्हता.

आता खरं सांगतो. पत्रा काढायच्या आधीच मला तो स्टड आठवला होता. पावसाळ्यात हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम केलं तेव्हा नट आवळताना तो स्टड माझ्याच हातानं तुटला होता. भोक पाडून काढायचा तर आणखी एक दिवस गेला असता. गाडी त्या दिवशी देतो असं सांगून बसलो होतो. सात आहेत की, असं म्हणून वर पत्रा बसवला.

मॅनिफोल्ड उतरवून ड्रिल मारता मारता मी विचारलं, चक्कर नेमकी कुठं येते?

"खानापूरच्या अलीकडं. कधी कधी शेडमध्येच."

"शेडमध्ये?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, सकाळी पाच-दहा मिनिटं गाडी गरम करा म्हणून. मी आत बसून पेपर तपासते. काचा बंद, एसी चालू."

मी ड्रिल थांबवलं. एसी बाहेरची हवा ओढतो ती पुढच्या काचेखालून. फट त्याच्या खालीच होती.

दुपारपर्यंत नवा स्टड आणि जोडात फट राहू न देणारं नवं गॅस्केट बसलं. इंजिन गार होऊ देऊन परत सुरू केलं. आवाज गेला. आप्पांनी चावी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "बेस झालं. पर आवाज गेला म्हून हिचं डोस्कं फिरायचं ऱ्हातंय व्हय? चावी न्हाय देत."

मॅडमच्या हातात स्टडचा तुकडा होता. "हा तुटलेल्या जागी गंजलाय. आत्ता तुटला असता तर चकाकला असता."

"माझ्या हातनं तुटलाय," मी म्हणालो. "पावसाळ्यात. सांगितलं न्हाय. त्या फटीतला धूर शेडमध्ये साठत होता, एसी तो आत ओढत होता. तुमच्या डोक्याला काय झालेलं न्हाय."

"मग दोनदा आलती तवा?" आप्पांनी विचारलं.

"तवा मी बघितलंच न्हाय."

आप्पांनी खिशातनं चावी काढून मॅडमच्या हातात दिली. माझ्याकडं बघितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तीन महिने मी गोळ्या खातेय, मिस्त्री." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांची नोकरी टिकली. चक्कर परत आली नाही, असं आप्पांनी फोनवर कळवलं. पुढची सर्व्हिस त्यांनी दुसऱ्या गॅरेजला केली. का, हे मी विचारलं नाही.

आता काही तुटलं की मी त्याच वेळी फोन लावतो, तुटलं म्हणून सांगतो आणि एक दिवस वाढवून मागतो. लोक चिडतात. पण ते त्या एका दिवसापुरतं असतं.