पाडव्याच्या ट्रॉल्या आणि फरहीनताई

फरहीनताईंची स्कूटी दिसली की आमच्या सोनईत माणसं गडप व्हायची. बारा वर्षं विमा विकला की दुसरं काय होणार! मी स्वतः एकदा त्यांना टाळायला न्हाणीघरात बसून राहिले होते. त्यामुळे त्या सहादेवभाऊंच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये शिरल्या, तेव्हा भाऊ मागच्या दाराने सटकले आणि ऑफिसात हिशेब लिहीत बसलेली मी एकटी सापडले.

"आरती, घाबरू नको. पॉलिसी इकत न्हाई आता मी," त्या हसत म्हणाल्या. "सॉफ्टवेअर बसवते."

मला थट्टाच वाटली. पण खरंच होतं ते. विमा कंपनीने सगळं काम मोबाईलवर आणलं, तेव्हा बाकीचे एजंट कपाळाला हात लावून बसले आणि फरहीनताई एकेकाला शिकवत सुटल्या. तिथे त्यांना चटक लागली. त्यांनी नगरला कोर्स केला, एजन्सी सोडली आणि त्या तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत सल्लागार म्हणून लागल्या. धंदेवाल्याकडे जायचं, त्याचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि त्याला सोयीचं पडेल असं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, हे त्यांचं काम. नोकरी मात्र कच्ची होती. आमचं वर्कशॉप हे त्यांचं पहिलंच गिऱ्हाईक. भाऊंनी करारावर सही केली तर त्या पक्क्या, नाहीतर घरी. आणि सोडलेली एजन्सी काही परत मिळणार नव्हती.

महिनाभर त्या आमच्यातच वावरल्या. पत्रा कुठून येतो, चाकं कधी बसतात, रंग वाळायला किती वेळ लागतो, सगळं विचारून घेत होत्या. मीही त्यांच्या मागे मागे हिंडायला लागले. इतकी वर्षं ऑफिसात बसून मला वर्कशॉपची एवढी मजा कधी वाटली नव्हती!

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात सॉफ्टवेअर चालू झालं आणि दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. आवारात तयार ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. त्या सगळ्या पडद्यावर लाल दिसायला लागल्या. तयार माल जो नेत नाही त्याला तो नकोच आहे, असा सॉफ्टवेअरचा समज. त्याने आपणहून सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज धाडला, 'ट्रॉली त्वरित न्या, अन्यथा ऑर्डर रद्द.'

मग काय, फोनवर फोन! तिसगावचे पुंजाराम तर माझ्या कानातच ओरडले, "आमी पाडव्यालाच नेनार हाय ट्रॉली! रद्द करनारे तुमी कोन?"

भाऊ तणतणत आले. "ताई, बंद करा हे. मला न्हाई पायजे."

फरहीनताईंनी नगरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "नियम सगळीकडे हाच आहे. गिऱ्हाइकांना सवय लावा." माझं डोकंच फिरलं. सवय लावा म्हणे! नवी ट्रॉली काय आठवडी बाजारातली मेथीची जुडी आहे, दिसली की उचलायची?

ताईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "लोकांचे विम्याचे पाडव्याचे चेक मी आदीपासून पर्समधी घेऊन हिंडायची. पाडवा उजाडल्याबिगर भरायची न्हाई. आन् हितं तेच इसरले!" त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि तिसगावला लावला.

"पुंजारामकाका, मी सोनईची फरहीन. चुकलं आमचं. ट्रॉली तुमचीच हाय. पाडव्याला किती वाजता नेनार?"

पलीकडचा आवाज लगेच खाली आला. काकांनी राहुकाळ सांगितला, लेक-जावई कधी पोचणार ते सांगितलं, वेळ सांगितली आणि वर चहालाही बोलावलं. मग ताईंनी एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी नवीन रकाना करून घेतला: गिऱ्हाइकाची वेळ. ज्याची वेळ आधी, त्याची ट्रॉली गेटजवळ. हे आम्हाला कधीच सुचलं नव्हतं. दरवर्षी पाडव्याला सगळे एकदम यायचे, गेटमध्ये ट्रॅक्टर अडकायचे आणि सणासुदीला माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची.

या पाडव्याला एक ट्रॅक्टर आला, ट्रॉली जोडली, हार घातला, नारळ फोडला, गेला. मग दुसरा. मग तिसरा. भांडण नाही की आरडाओरडा नाही! मला तर नाचावंसं वाटत होतं. भाऊ लोकांना पेढे वाटत हिंडत होते.

नगरचे साहेब हे बघायला मुद्दाम आले होते. त्यांनी खुशीत करार पुढे केला. भाऊंनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

"फरहीनताई पक्क्या झाल्या का?"

"ते पुढच्या महिन्यात बघू," साहेब म्हणाले.

"मंग सही बी पुढच्या महिन्यात बगू." भाऊंनी पेनाला टोपण लावलं.

साहेब फोन घेऊन बाजूला गेले, कुणाशी तरी बोलले आणि परत आले.

"अभिनंदन, फरहीन मॅडम. सोमवारी पत्र घ्यायला या."

भाऊंनी टोपण काढलं आणि सही ठोकली. आणि मी इतक्या जोरात ओरडले की गेटवरचे ट्रॅक्टरवाले वळून बघायला लागले.