न दुखणारा पाय

मंचरच्या बाजारात आमच्या एका आडत्याच्या आवाजानं कांद्याची सालं उडतात, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि त्यात फारशी थाप नाही. लिलाव पुकारायला ढिगाशी गेले की हे आधी चपला काढणार. "लक्ष्मीपाशी पायताण घालून जायचं व्हय, राव?" शुगर जुनी, तरी डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट गाळ्यात नवेकोरे पडलेले.

गेल्या आठवड्यात ते अनवाणी पुकारत फिरत होते आणि त्यांच्यामागे सालांवर रक्ताचे ठसे उमटत होते. उजव्या तळव्यात गोण्या शिवायच्या दाभणाचं मोडकं टोक रुतलं होतं. "दुखलं न्हाई, म्हंजी काय झालं न्हाई," असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

काल दवाखान्यात तो पाय सुजून काळानिळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, "पू आजच काढायचा. उशीर केलात तर गुडघ्याखालचा पाय जाईल."

"दुखतच न्हाई, तर चिरता कशाला?" बाजार हलवणारा तो आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोचला नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून डोळे मिटले. "पावणं, चिमटा काढा. पाय जित्ता हाय माझा, दावतोच यांना."

त्या पायाला हात लावायची माझी छाती झाली नाही. मी लबाडी केली. चांगल्या, डाव्या पायाचा अंगठा धरला आणि नख रुतेपर्यंत पिळला.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "काढा की राव, भेता कशाला?"